जुन्या स्पोर्ट्स कारच्या गिअर लिंकेजसाठी बुश कसे निवडाल?

जुनी स्पोर्ट्स कार नव्याने घेणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार ठरलेली असते: गिअर नेमका कुठे आहे तेच कळत नाही. न्यूट्रलमध्ये लिव्हर सैल डुलतो, दुसरा टाकायला जावं तर हात चौथ्याकडे जातो, रिव्हर्ससाठी दोन-तीनदा चाचपडावं लागतं. लगेच कुणीतरी निदान करून टाकतं, ‘गिअरबॉक्स गेला, खोलावा लागणार.’ तसं असूही शकतं, पण गिअरबॉक्सला हात लावण्याआधी लिव्हर आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या दांड्यांमधले, म्हणजेच लिंकेजमधले, छोटे बुश (सांध्यात पिन किंवा रॉडभोवती बसणारे नळीसारखे तुकडे) तपासा. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत ते झिजलेले, कडक होऊन तडकलेले किंवा चुरा होऊन गळून पडलेले असतात.

बुश बदलणं अवघड नाही. अवघड आहे ते योग्य बुश निवडणं. बाजारात ‘पूर्ण सेट’ मिळतात आणि ते विकताना कडकपणा हाच मोठा गुण म्हणून सांगितला जातो. माझं मत वेगळं आहे. लिंकेजमधल्या प्रत्येक सांध्याचं काम निराळं असतं, त्यामुळे बुशही प्रत्येक सांध्यासाठी स्वतंत्र विचार करून घ्यावा. सगळीकडे सर्वांत कडक बुश घातलेली गाडी चालवायला अनेकदा मूळ झिजलेल्या गाडीपेक्षाही त्रासदायक होते.

आपल्या गाडीची रचना ओळखा

सुरुवात गाडीखाली वाकून करा, कॅटलॉग नंतर. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत काय काय जातं ते डोळ्यांनी पाहा आणि कागदावर काढा.

एमजीबी किंवा डॅटसन २४०झेड यांसारख्या गाड्यांत इंजिन पुढे, त्याला लागूनच गिअरबॉक्स, आणि लिव्हर जवळजवळ गिअरबॉक्सवरच बसलेला. इथे लिव्हरच्या बुडाशी असलेला बुशच काय तो पाहायचा असतो. ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये लिव्हर गिअरबॉक्सच्या वरच्या एक्स्टेन्शनवर असतो, मध्ये छोटा रॉड आणि काही लहान बुश असतात. ते झिजले की ठरावीक वेगाला लिव्हर झणझणायला लागतो.

खरी गुंतागुंत गिअरबॉक्स लांब असलेल्या गाड्यांत. पोर्शे ९११ मध्ये गिअरबॉक्स मागे आहे. लिव्हरच्या खालच्या टोकाचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटीसारख्या बुशमध्ये बसतो, तिथून रॉड मधल्या टनेलमधून मागे जातो आणि मागच्या सीटजवळ, कार्पेटखालच्या झाकणाआड, एका कपलरने गिअरबॉक्सच्या रॉडला जोडला जातो. त्या कपलरमधले बुश म्हणजे ९११ चं नेहमीचं दुखणं. पोर्शे ९१४ मध्ये इंजिन मध्ये आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे, म्हणून रॉडला फायरवॉल (केबिन आणि इंजिन यांच्यामधली भिंत) ओलांडून इंजिनच्या खालून पुढचा प्रवास करावा लागतो. त्यातही १९७२ पर्यंतच्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या शेपटाकडून गिअर बदलतो, तर १९७३ पासून १९७६ पर्यंतच्या गाड्यांत बाजूने. दोन्हींचं लिंकेज वेगळं, त्यामुळे नुसतं ‘९१४ चे बुश द्या’ म्हणून भागत नाही. अल्फा रोमिओच्या अल्फेटा घराण्यात इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, म्हणजे रॉड पुन्हा लांबच लांब. लोटस युरोपात इंजिन मध्ये असलं तरी रॉड असाच लांब.

अशा लांब रॉडला सहसा दोन हालचाली कराव्या लागतात. लिव्हर पुढे-मागे नेला की रॉड सरकतो, आणि लिव्हर आडवा नेला की रॉड स्वतःभोवती थोडासा फिरतो. सरकण्यातून गिअर पडतो, फिरण्यातून गिअरची ओळ निवडली जाते. रॉडला आधार देणाऱ्या बुशला सरकणं आणि फिरणं ही दोन्ही कामं विनातक्रार होऊ द्यावी लागतात. पुढे मटेरिअल निवडताना हे लक्षात ठेवावं लागेल.

आणखी एक हिशेब आधीच करून ठेवू. समजा लिव्हरचा टेकूच्या वरचा भाग २५० मिमी आहे आणि खालचा ५० मिमी. म्हणजे गुणोत्तर पाचास एक. खालच्या सांध्यात फक्त ०.५ मिमी ढिलाई असेल तर हातातल्या नॉबला ती २.५ मिमी जाणवते. असे तीन-चार सांधे एकापुढे एक आले की सगळ्यांची ढिलाई नॉबवर गोळा होते. हाताला दोन बोटं सैल वाटणाऱ्या लिव्हरच्या मागे एखादा भयंकर मोडलेला भाग असेलच असं नाही. प्रत्येक सांध्यातली थोडी थोडी झीजही तेवढं करते.

दोष बुशचाच आहे ना?

इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून पाहा. काही गिअर पडण्यासाठी चाकं थोडी पुढे-मागे हलवावी लागतील, ते स्वाभाविक आहे. इंजिन बंद असतानाही लिव्हर सैल आहे, गिअरची जागा सापडत नाही, तर संशय लिंकेजवर. बंद इंजिनावर सगळं व्यवस्थित आणि इंजिन चालू केल्यावर मात्र रिव्हर्स टाकताना खरखर होते, तर क्लच पूर्ण सुटत नसावा. चालत्या गाडीत एखाद्याच गिअरला दरवेळी खरखर होत असेल तर सिंक्रोकडे (गिअर गुंतण्याआधी वेग जुळवणाऱ्या आतल्या भागाकडे) पाहा. बुश बदलून यातलं काहीही सुधारणार नाही.

गिअर आपोआप निसटत असेल तर घाई करू नका. त्याला गिअरबॉक्सच्या आतली झीज कारण असू शकते, चुकीचं ॲडजस्टमेंटही, आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सला बॉडीवर धरणारे, दबून गेलेले रबरी माउंटही. माउंटची तपासणी तर बुश विकत घेण्याआधी झालीच पाहिजे. ॲक्सिलरेटर दाबताना इंजिन गिअरबॉक्ससकट इंचभर हलत असेल, तर मधला रॉड कितीही घट्ट असला तरी लिव्हरची जागा बदलतच राहणार.

सांध्यागणिक तपासणी

गाडी सपाट जागी, चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर, आणि वर उचलायची असेल तर जॅक स्टँडवरच. ही तपासणी न्यूट्रलमध्ये करायची असते, म्हणून गिअर गाडीला धरून ठेवेल असं समजू नका.

एकाने आत बसून लिव्हर हलकेच हलवायचा. जोर लावायचा नाही, ढिलाई जिथे संपते तिथपर्यंतच न्यायचा. दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट असं ठेवायचं की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं त्याला जोडलेल्या दुसऱ्या भागावर येईल. एक भाग आधी हलला आणि दुसरा नंतर, तर तो फरक बोटाला स्पष्ट कळतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते इथे बोट सांगतं. हीच तपासणी पुढे-मागे आणि आडवी, दोन्ही हालचालींसाठी वेगवेगळी करा. एखादा बुश सरकण्याच्या दिशेने ठीक असतो आणि फिरण्याच्या दिशेने पार गेलेला असतो. कागदावरच्या आकृतीत प्रत्येक सांध्यापुढे नोंद करा: घट्ट, थोडा सैल, गेलेला.

आता सुटे करा आणि मोजा

काहीही सोडण्याआधी रॉड जुळवून आवळायच्या क्लॅम्पपाशी रॉडवर सुईने बारीक खूण करा, लांबीचीही आणि फिरण्याच्या कोनाचीही. ही खूण नसेल तर शेवटी ॲडजस्टमेंट शून्यापासून करावं लागतं. फोटोही काढा.

अडकलेला जुना बुश काढायला आगीचा वापर नको. पुष्कळ प्लॅस्टिक बुश ॲसिटलचे असतात आणि ॲसिटल जळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं, जे डोळ्यांना आणि छातीला घातक आहे. शिवाय ९१४ सारख्या गाडीत पेट्रोलच्या नळ्या त्याच टनेलमधून जातात. करवतीच्या पात्याने बुशला चीर पाडून तो आत दुमडून काढणं हा सुरक्षित मार्ग.

बुश निघाला की त्याचं माप घेण्याची घाई सगळे करतात, आणि त्या पिनकडे, रॉडकडे कुणी पाहत नाही ज्यावर तो बुश फिरत होता. या लेखातलं एकच काम नीट करायचं असेल तर हे करा: मायक्रोमीटरने पिनचा व्यास दोन ठिकाणी मोजा, जिथे बुश घासत होता तिथे आणि जिथे कधीच घासला नाही तिथे. मग घासलेल्या जागी पिन ९० अंश फिरवून पुन्हा मोजा. पहिल्या दोन मापांतल्या फरकावरून झीज कळते, तिसऱ्यावरून पिन लंबगोल झाली आहे का ते कळतं. ०.०५ मिमीच्या आतली झीज मी चालवून घेतो. ०.१ मिमीच्या पुढे गेली तर पिन बदलायची किंवा लेथवर नवी करून घ्यायची. लंबगोल पिनवर नवा बुश घातला तर एका दिशेने तो सैल राहतो आणि दुसऱ्या दिशेने आवळतो.

ज्या घरात बुश बसतो त्याचा आतला व्यासही मोजा. जुना बुश घरातच फिरत राहिला असेल तर घर मोठं झालेलं असतं आणि कॅटलॉगमधला बुश तिथे पकड घेणार नाही. जुना बुश शाबूत असेल तर त्याचा बाहेरचा व्यास, लांबी आणि कॉलरची जाडी एवढं टिपून घ्या. भोकाचं माप मात्र पिनवरूनच ठरवा, झिजलेल्या बुशवरून नव्हे.

मटेरिअल

रबर. कारखान्याने काही सांध्यांवर रबर दिलं ते काटकसर म्हणून, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. रबर इंजिनाची थरथर लिव्हरपर्यंत येऊ देत नाही आणि रॉड थोडा तिरका झाला तरी सांभाळून घेतं. त्याचा तोटा म्हणजे ते दबतं आणि वयाने कडक होतं, तेलाने फुगतं. कित्येक वर्षं पाकिटात पडून राहिलेला ‘ओरिजिनल’ रबरी बुश मी घेणार नाही. न वापरताही रबराचं वय होतंच. नव्या उत्पादनाचा घ्यावा.

नायलॉन. चिवट, घसरता, उष्णतेला बऱ्यापैकी टिकणारा. पण नायलॉन ओलावा शोषतो. नायलॉन ६६ पूर्ण भिजल्यावर वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून ठेवतो आणि आकाराने वाढतो. उघड्यावर, गाडीखाली असलेल्या सांध्यात हे जाचक ठरतं: कोरड्या दिवसांत ठीक, पावसाळी हवेत आवळलेला. उलट अगदी सुकलेला नायलॉन ठिसूळ असतो. लिव्हरच्या बुडाशी असलेली वाटी केबिनच्या आत असते, तिथे नायलॉन उत्तम चालतो. ती बसवताना फुटू नये म्हणून आधी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवली की लवचिक होते.

ॲसिटल, म्हणजे डेल्रिन वगैरे नावांनी मिळणारं प्लॅस्टिक. ओलावा १ टक्क्याच्या आत, माप धरून ठेवतं, लेथवर सुरेख कापलं जातं, आणि सरकणं व फिरणं दोन्ही सहज होऊ देतं. रॉडला आधार देणाऱ्या बुशसाठी माझी पहिली पसंती हीच. फक्त त्याचं उष्णतेने वाढणं विसरू नका. ॲसिटल पोलादाच्या जवळपास नऊपट पसरतं. २० मिमी व्यासाच्या बुशचं तापमान ५० अंशांनी वाढलं तर तो ०.११ मिमी वाढू पाहतो, त्याच्याभोवतीचं पोलादी घर मात्र ०.०१२ मिमीच वाढतं. बाहेर जायला जागा नसल्यामुळे मटेरिअल आत सरकतं आणि भोक आवळतं. गार गाडीत लोण्यासारखा चालणारा गिअर अर्ध्या तासाने जड झाला तर कारण बहुधा हेच असतं. ॲसिटलला तीव्र आम्लही सोसत नाही, त्यामुळे गंज काढायचं आम्लयुक्त द्रावण बुश बसवलेल्या भागावर ओतू नका.

पॉलियुरेथेन, अर्थात पीयू. रबर आणि कडक प्लॅस्टिक यांच्या मधलं. कडकपणा शोअर ए मापात सांगितला जातो. ७० म्हणजे मऊसर, ९५ म्हणजे जवळजवळ प्लॅस्टिकसारखा कडक. जिथे रबर फार दबतं पण थोडी लवचिकता हवीच आहे, तिथे पीयू चांगला. जिथे रॉडने सतत घसरत राहायचं असतं तिथे नको, कारण तो पिनला धरून ठेवतो, मग सुटतो, आणि कुरकुरतो. पीयूतही दोन प्रकार असतात. पॉलिएस्टर जातीचा ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, पॉलिइथर जातीचा पाण्यात जास्त टिकतो. विकणाऱ्याला हे विचारा. उत्तर देता आलं तर तो जाणकार आहे.

ब्रॉन्झ. घट्टपणात याची बरोबरी प्लॅस्टिक करत नाही आणि उष्णतेने माप बिघडत नाही. सिंटर्ड (भुकटी दाबून-तापवून केलेल्या) ब्रॉन्झच्या सूक्ष्म छिद्रांत घनफळाच्या सुमारे पाचव्या भागाइतकं तेल मुरवलेलं असतं. अशा बुशला वरून ग्रीस थोपू नका, छिद्रं बुजतात. तेलाचे थेंब पुरतात. बोथट रीमरनेही (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या अवजारानेही) ती छिद्रं बुजतात, त्यामुळे काम धारदार अवजारानेच व्हावं. पण ब्रॉन्झ अगदी सरळ रेषा मागतो. दोन आधार एका रेषेत नसतील तर रॉड अडकतो. पिन मऊ पोलादाची असेल आणि धूळ आत शिरत असेल तर बुशऐवजी पिनच झिजते. ब्रॉन्झ घालायचा तर कडक केलेली, गुळगुळीत पिन आणि वर शाबूत रबरी बूट (धूळ अडवणारं आवरण), दोन्ही हवंच.

बॉल जॉइंट असलेले रॉड एंड शर्यतीच्या गाडीत शोभतात. रस्त्यावरच्या गाडीत ते प्रत्येक थरथर हातात आणून देतात आणि उघडे असले तर धुळीने लवकर वाजू लागतात. थ्री-डी प्रिंटरवर केलेल्या बुशबद्दलही विचारणा होते. पीएलए या प्रिंटरच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा असेल तर सरळ नको म्हणा, ते साधारण ६० अंशांनाच मऊ पडतं आणि एक्झॉस्टशेजारच्या सांध्याला तेवढी उष्णता मिळतेच.

कोणत्या सांध्याला काय

बॉडीला धरलेला, रॉडला फक्त आधार देणारा बुश: ॲसिटल. लिव्हरच्या बुडाची वाटी: नायलॉन किंवा ॲसिटल. दोन्ही टोकं एकत्र हलणाऱ्या, थरथरीशी संबंध नसलेल्या पिनेच्या सांध्यावर पिन चांगली असेल तर ब्रॉन्झ छान.

विचार करायला लावतो तो बॉडी आणि इंजिन-गिअरबॉक्स यांना जोडणारा सांधा. गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसलेला असतो, लिव्हर बॉडीवर. जोर लावला की गिअरबॉक्स हलतो, बॉडी हलत नाही. हा फरक कुठेतरी सामावला गेला पाहिजे. तो सांधा पूर्ण कडक केला तर गिअरबॉक्सची हालचाल थेट रॉडला ओढते किंवा ढकलते. परिणाम दोन: लिव्हर ॲक्सिलरेटरबरोबर नाचतो, आणि वाईट परिस्थितीत गिअर न्यूट्रलकडे ओढला जातो. इथे नवं रबर किंवा ८० शोअरच्या आसपासचा पीयू घाला. गाडी रोज रस्त्यावर चालणार असेल तर मी नवं रबरच घालीन. गेलेलं रबर बदलून नवं घातल्यावर जो फरक पडतो तो पाहून अनेकांचा पीयूचा विचार मागे पडतो.

खरेदी

चॅसिस नंबर आणि उत्पादनाचं वर्ष हाताशी ठेवून पार्ट्स कॅटलॉगमधला नंबर शोधा, आणि तरीही आपल्या मापांशी ताडून पाहा, कारण आधीच्या मालकाने शॉर्ट शिफ्टर (लिव्हरची हालचाल कमी करणारा भाग) किंवा दुसऱ्या वर्षाचा कपलर बसवलेला असू शकतो. बुशचं भोक तयार मापाचं आहे की बसवल्यावर रीम करायचं आहे, आणि पिन सोबत मिळते का, हे विचारा. नुसतं ‘हाय परफॉर्मन्स’ लिहिलेलं आणि मटेरिअलचं नाव नसलेलं पाकीट परत ठेवा.

बसवणं आणि जुळवणं

बुश घरात दाबून बसवला की बाहेरून जेवढा आवळला जातो, जवळपास तेवढंच त्याचं भोक लहान होतं. म्हणून पिन आधी घालून ‘बसते’ म्हणू नका. बसवल्यानंतर मोजा. साधारण १४ मिमीच्या पिनवर ॲसिटलला ०.०५ ते ०.१० मिमी आणि ब्रॉन्झला ०.०२ ते ०.०५ मिमी मोकळीक मी ठेवतो. ॲसिटलची ती जास्तीची जागा वर सांगितलेल्या उष्णतेच्या आवळण्यासाठी आहे. तेल लावलेली पिन बोटाने सरकली पाहिजे, पण आडवी हलता कामा नये.

रबर आणि पीयूला सिलिकॉन ग्रीस लावा, खनिज तेलाचं साधं ग्रीस रबर फुगवतं. नायलॉन-ॲसिटलला लिथियम ग्रीसचा पातळ थर पुरतो. फाटलेला रबरी बूट याच वेळी बदलून टाका.

९११, ९१४ च्या कपलरमध्ये शंकूच्या टोकाचा स्क्रू रॉडच्या खळगीत नेमका बसावा लागतो. तो जरा बाजूला बसला तरी घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पुढे रस्त्यात सैल पडतो. तो सुटला तर लिव्हर मोकळा फिरतो आणि एकही गिअर मिळत नाही. खळगी बोटाने शोधा, स्क्रू हाताने आत जाईल तेवढा घाला, रॉड किंचित हलवत टोक तळाला टेकल्याची खात्री करा, आणि मगच मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावून आवळा.

जुनं ॲडजस्टमेंट झिजलेल्या बुशांना धरून केलेलं असतं, त्यामुळे खुणेवर आणून थांबू नका. खूण ही फक्त सुरुवात. गिअरबॉक्स न्यूट्रलला, लिव्हर मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागी, आणि मग क्लॅम्प आवळायचा. ही जागा मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून आपल्याच वर्षाचं मॅन्युअल पाहा. पहिला गिअर डावीकडे खाली असलेल्या पोर्शेच्या ९०१ गिअरबॉक्सवर विशेष काळजी घ्या, कारण तिथे पहिला आणि रिव्हर्स एकाच ओळीत समोरासमोर असतात.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. प्रत्येक गिअर पूर्ण पडल्यावर लिव्हर टनेलला, कन्सोलला किंवा रबरी बुटाच्या कडेला टेकत नाही ना, ते पाहा. टेकत असेल तर आतला गिअर अर्धवटच गुंततो आणि जोर लागताच निसटतो. मग इंजिन चालू करून जागेवरच, मग रिकाम्या रस्त्यावर हळू. गाडी पूर्ण तापल्यावर पुन्हा एकदा सगळे गिअर टाकून पाहा. गार असताना हलका आणि आता जड लागत असेल तर कोणता ॲसिटल बुश आवळतो आहे ते शोधून त्याचं भोक ०.०२ ते ०.०३ मिमीने वाढवा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर खाली जाऊन क्लॅम्पचा बोल्ट आणि शंकूचा स्क्रू पान्याने तपासा. तोपर्यंत बुश आपापल्या जागी बसलेले असतात, आणि क्लॅम्प किंचित सरकला असेल तर सुईची खूण ते लगेच दाखवते.